तीनदा वाजवली म्हणे

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. थेरगावात ज्ञानदेव लेथवाल्याच्या घरामागे पत्र्याला टेकवून ठेवली आहे ना, तीच. माझं पुढचं चाक वाकलं आहे, सीटचं कातडं कोंबड्यांनी टोचून टोचून फाडलं आहे आणि कॅरिअरवर कस्तुरावहिनी फडकी वाळत घालतात. माझ्याकडे पाहून हळहळू नका. म्हातारपण कुणाला चुकलं आहे? मला लाज वाटते ती या अवताराची नाही. ती वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती सांगायला मी आज तोंड उघडलं आहे. सायकलला तोंड नसतं हे मला ठाऊक आहे. असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

माझा जन्म दूर लुधियानाचा. एकोणीसशे चौसष्ट साली मी सुट्या भागांच्या खोक्यातून चिंचवडच्या एका दुकानात आले आणि तिथे माझी हाडं जोडली गेली. त्याच महिन्यात ज्ञानदेव कंपनीत कायम झाला होता. हा मूळचा परभणीकडचा. लेथवर लोखंड असं कातायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं. कायम झाल्यावर त्यानं पहिली वस्तू घेतली ती मी. कस्तुरावहिनींनी माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं, मुठींना लाल गोंडे बांधले आणि मला ओवाळलंसुद्धा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण माझे चांगली नऊ वर्षं टिकले. रविवारी ज्ञानदेव मला विहिरीवर नेऊन धुवायचा, साखळीला तेल द्यायचा आणि घंटीची वाटी धोतराच्या सोग्यानं पुसून त्यात आपला चेहरा बघायचा. मी थोडी फुगले होते, हे कबूल करते.

कंपनी हमरस्त्यापासून आत होती. मधे अर्धा मैल खडीचा रस्ता. दुपारी साडेतीनचा भोंगा झाला की पहिली शिफ्ट बाहेर पडायची, आणि दुसऱ्या शिफ्टचे उशीर झालेले लोक त्याच रस्त्यानं आत पळायचे. सातआठशे सायकली आणि तितकीच पायी माणसं. चार-चार जण खांद्यावर हात टाकून गप्पा मारत चालायचे. मागून घंटी वाजली की ज्यानं डावीकडे व्हायचं तो उजवीकडे व्हायचा, आणि ज्यानं थांबायचं तो वळून बघायचा. चालणाऱ्यांना वाटे रस्ता आपल्या बापाचा आहे, सायकलवाल्यांना वाटे आपल्या आजोबांचा आहे. रोज कुणाचा तरी डबा सांडे, कुणाची तरी चप्पल चाकाखाली जाई. मग दोन शिव्या इकडून, दोन तिकडून, आणि दोघंही आपापल्या वाटेला लागत. कुणी ते घरी जाऊन सांगतसुद्धा नसे.

आता घंटीच्या वाटीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घंटीवर जी चकचकीत वाटी असते ना, ती आट्यांवर बसवलेली असते. फिरवली की निघते. आमच्या कंपनीच्या सायकल स्टँडवर या वाट्यांना पाय फुटायचे. सकाळी लावलेली सायकल दुपारी घ्यावी तर घंटी बोडकी. पोलीस काही वाटीसाठी येत नाहीत. म्हणून सगळ्या कामगारांनी एक रीत पाडली होती. सकाळी सायकल लावली की वाटी काढायची, डब्याच्या पिशवीत टाकायची आणि कामावर जायचं. सुटी झाली की स्टँडवर एकाच वेळी सगळे वाट्या फिरवत उभे राहायचे. एकानं पिशवीत हात घातला की शेजारच्याला आठवायचं. अशानं नऊ वर्षांत ज्ञानदेव एकदाही वाटी विसरला नाही.

विसरला तो त्र्याहत्तर साली, श्रावणात. थेरगावच्या रेशन दुकानात रॉकेल आल्याचं त्याला कळलं. घरी स्टोव्ह चार दिवस कोरडा होता. त्यानं फोरमन उद्धवरावांकडून चिठ्ठी घेतली आणि भोंग्याच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर पडला. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. वाटी फिरवणारा शेजारी नव्हता. ज्ञानदेवनं डब्याची पिशवी माझ्या हँडलला अडकवली, टांग मारली आणि निघाला. वाटी पिशवीतच खुळखुळत होती. मला जाणवत होती. पण मी सांगणार कशी?

समोरून एक पन्नाशी ओलांडलेला माणूस येत होता. रस्त्याच्या बरोब्बर मधून. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पोस्टकार्ड, आणि मान खाली. एकेक अक्षर लावत तो ओठ हलवत वाचत होता. ज्ञानदेवनं घंटीवर अंगठा दाबला. नुसतं खर्र झालं. पुन्हा दाबला, पुन्हा खर्र. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की वाटी नाही. ओरडायला हवं होतं, पण ओरडायचं सोडून त्यानं करकचून ब्रेक दाबला. माझी चाकं खडीवर घसरली आणि मी त्या माणसाच्या अंगावर गेले. तो हातावर पडला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. लहानसाच होता.

दुसऱ्या शिफ्टचे लोक धावले. रस्त्याकडेचा चहावाला चिमाजी मला उचलायला पुढे आला. तेवढ्यात ज्ञानदेव गुडघे खरचटलेले असतानाही ताडकन उठला आणि त्यानं मला चिमाजीच्या हातून हिसकावून घेतलं. का, ते मला लगेच कळलं. त्यानं उजवा तळवा माझ्या बोडक्या घंटीवर झाकला.

"घंटी नाही का वाजवायची?" चिमाजीनं विचारलं.

"तीनदा वाजवली," ज्ञानदेव म्हणाला. "तीनदा. ह्यांनाच ऐकू आली नाही."

मित्रांनो, त्याचा तळवा घामानं ओला झाला होता. अंगठा तीनदा दाबला होता, हे खरंच. ज्ञानदेव त्या अर्ध्या खऱ्याला धरून उभा राहिला.

गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "अहो, हे हॅमर शॉपचे उस्ताद. कोंडीराम. तिथं घणाच्या दणक्यात कान राहतात व्हय कुणाचे?"

रस्त्यावर बसलेल्या कोंडीरामनं वर पाहिलं. मनगट छातीशी धरलं होतं. मार लागल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर होतंच, पण त्या शब्दांनी त्यात काही तरी आणखी आलं. तो घाबरला होता.

"तीनदा?" त्यानं हळूच विचारलं. "मला एकदाबी न्हाई आली." मग ज्ञानदेवकडे बघून म्हणाला, "लेकीचं पत्र हाय. पैल्यांदाच सोताच्या हातानं लिवलंय. माजीच चूक झाली, भावा. तुला तर न्हाई ना लागलं?"

ज्याला पाडलं तोच माफी मागत होता. ज्ञानदेवचा तळवा घंटीवरून हलला नाही. कोंडीरामला कंपनीच्या दवाखान्यात नेल्यावर त्यानं मला चिमाजीच्या टपरीमागे नेलं आणि पिशवीतली वाटी काढून फिरवून बसवली. मला एकेक आटी कळत होती. रॉकेलच्या रांगेत तो उभा राहिला तेव्हा पुढच्या माणसानं गुडघ्याचं विचारलं. ज्ञानदेव म्हणाला, "एक बहिरा मधे आला." एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. कोंडीराम कामावर आला, पण हॅमरवर गेला नाही. आमच्या स्टँडवर आला, खाकी टोपी घालून, सायकली सांभाळायला. ज्ञानदेवनं सकाळी मला आत आणलं आणि त्याला समोर बघून जागीच थबकला.

"कोंडीरामभाऊ, तुम्ही हितं?"

"मीच मागून घेतलं," कोंडीराम म्हणाला. "हॅमर म्हंजी काय, तुला ठावं न्हाई. समोरचा गडी सांडशीत लाल लोखंड धरून उभा असतो. त्यानं 'मार' म्हटलं की घण सोडायचा. त्यानं 'थांब' म्हटलं की त्याच दमाला थांबायचा. त्याचं 'थांब' मला ऐकू न्हाई आलं तर त्याचा हात घणाखाली. तीन घंट्या ऐकू न्हाई आल्या मला. मी उद्धवरावास्नी म्हटलं, मला काढा तिथनं."

बघा मित्रांनो. एका माणसानं आपली कातडी वाचवायला खोटं सांगितलं. दुसऱ्यानं ते खरं मानलं आणि दुसऱ्याचा हात वाचवायला आपलं काम सोडून दिलं. वीस वर्षं त्यानं हॅमर चालवला होता. नवे पोरगे त्याला उस्ताद म्हणायचे, आत जाताना त्याच्या पाया पडायचे. आता तेच पोरगे "कोंडीराम, जरा सायकल काढ" म्हणू लागले.

मला वाटलं, ज्ञानदेव आत्ता बोलेल. त्यानं ओठ हलवलेही. मग त्यानं वाकून माझं स्टँड लावलं आणि निघून गेला.

त्या दिवसापासून मी रोज आठ तास कोंडीरामच्या डोळ्यांसमोर उभी राहू लागले. मला कुठे तोंड लपवावं असं होई. आणि तो माणूस मला काही वेगळं वागवत नव्हता. ऊन सरकलं की मला सावलीत सरकवायचा. पाऊस आला की सीटवर गोणपाट टाकायचा. त्यानं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं, "वाट्या काढू नगा आता. मी हाय." आणि खरंच, तो असेपर्यंत स्टँडवरून एकही वाटी गेली नाही. काढायची रीतच मोडली. सगळ्यांच्या घंट्या वाट्यांसकट ऐटीत उभ्या, माझीही.

एके दिवशी तो माझ्या जवळून जाताना थांबला. खाली वाकला, मागच्या चाकाला कान लावला. ज्ञानदेव सुटून आला तेव्हा त्याला म्हणाला, "मागल्या चाकातनं हवा जातीया. लई बारीक आवाज हाय. कुठं तरी काटा रुतलाय, बघ." ज्ञानदेवनं चाकाला कान लावला. त्याला काही ऐकू येईना. घरी येऊन पाण्यात ट्यूब बुडवली तेव्हा सुईच्या टोकाएवढा बुडबुडा वर आला. तो बुडबुड्याकडे बघत घमेल्यापुढे तसाच बसून राहिला. जेवायला हाक मारली तरी उठला नाही.

मग आली ती गोष्ट, जिची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सन पंचाहत्तर. कंपनीत नवा मोठा हॅमर बसला होता आणि त्यावर हात बसलेला माणूस मिळत नव्हता. भोंग्यानंतर उद्धवराव स्वतः स्टँडवर आले. ज्ञानदेव मला काढतच होता.

"कोंडीराम उस्ताद, परत या," उद्धवराव म्हणाले. "डॉक्टरांचा कागद बघितला मी. तुमचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत."

"डाक्टरनं कान बघितले साहेब," कोंडीराम म्हणाला. "त्या दिसाची घंटी त्यास्नी कशी दिसंल? आता समद्या घंट्या येत्यात ऐकू. त्या दिशी न्हाई आली. म्हंजी माजे कान कधी असत्यात, कधी नसत्यात. हॅमरवर 'कधी' चालत न्हाई."

हे म्हणताना त्याची नजर हॅमर शॉपच्या दाराकडे गेली. त्याला जायचं होतं. कुणी एक शब्द बोललं असतं तर तो टोपी टाकून पळत गेला असता.

उद्धवराव ज्ञानदेवकडे वळले. "तुमचीच सायकल होती ना हो? नक्की वाजवली होती घंटी? नीट आठवून सांगा. माणसाच्या कामाचा प्रश्न आहे."

मित्रांनो, याहून सोपा प्रश्न कुणी कुणाला विचारणार नाही. दार उघडून धरलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांग रे बाबा, सांग. पण दोन वर्षांचं खोटं आता फोरमनसमोर उघडं करायचं, म्हणजे चौकशी, म्हणजे चारचौघांत मान खाली. ज्ञानदेवनं माझ्या हँडलकडे बघितलं.

"वाजवली होती साहेब," तो म्हणाला. "तीनदा."

उद्धवराव खांदे उडवून गेले. कोंडीरामनं मान हलवली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं, आणि रांगेतल्या पडलेल्या दोन सायकली उभ्या केल्या.

घरी आल्यावर ज्ञानदेवनं मला आत घेतलं नाही. अंगणातच माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि कस्तुरावहिनींना सगळं सांगून टाकलं, वाटीपासून उद्धवरावांपर्यंत. वहिनी भाकरी थापायच्या थांबल्या. हाताला पीठ तसंच.

"त्यांचे चांगले कान तुमी काढून घेतले," त्या म्हणाल्या. "जावा आन् परत द्या."

"उद्या सांगतो."

"उद्या कामून? आजच जावा. त्यांचं पिंपळे गुरव काय परभणीला हाय?"

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणाला, मग दिवाळीनंतर, मग पोरीचं लग्न झाल्यावर. आज-उद्या करता करता पाच वर्षं गेली. वहिनींनी सांगणं सोडलं, पण रोज सकाळी डबा हातात देताना त्या त्याच्याकडे अशा बघायच्या की तो पायात चप्पल न घालताच निघायचा. कोंडीरामला मात्र रस्त्यावर मी रोज बघत होते. तो आता रस्त्याच्या मधून चालत नसे. पार कडेला, चराच्या तोंडाशी, दर दहा पावलांनी मान वळवून मागे बघत चालायचा. पावसाळ्यात तिथे चिखल असायचा. तरी तो तिथूनच जायचा. लोक हसायचे. लेकीची पत्रं येत, ती तो खिशात ठेवी आणि घरी जाऊन वाची.

ऐंशी साली कोंडीरामची निवृत्तीची तारीख आली. शेवटच्या दिवशी हार घातला, शाल दिली, नारळ दिला. टाइम ऑफिसनं त्याचं हजेरीचं कार्ड काढून घेतलं. भाषणात कुणी तरी म्हणालं की त्यांनी सायकल स्टँड उत्तम सांभाळला. हॅमरचं नावही निघालं नाही. तो गेटबाहेर आला तेव्हा ज्ञानदेव मला हातात धरून उभा होता.

"चला कोंडीरामभाऊ, हमरस्त्यापर्यंत येतो."

दोघं चालू लागले. कोंडीराम सवयीनं चराकडेनं, मी मधे, ज्ञानदेव माझ्या पलीकडे. चिमाजीच्या टपरीपाशी ज्ञानदेव थांबला. माझ्या हँडलवरची त्याची पकड इतकी घट्ट झाली की मुठी कुरकुरल्या.

"भाऊ, त्या दिवशी माझ्या घंटीला वाटी नव्हती. पिशवीत होती. मी अंगठा दाबला, नुसतं खर्र झालं. मी खोटं बोललो."

कोंडीरामच्या एका हातात नारळ होता. तो त्याकडे बघत राहिला.

"म्हंजी वाजलीच न्हाई?"

"नाही."

"उद्धवरावांनी इचारलं तवा?"

"तेव्हाही खोटंच बोललो."

कोंडीराम रस्त्याकडेच्या दगडावर बसला. नारळ मांडीवर ठेवला आणि रिकामा हात हळूच कानाला लावला. "म्हंजी मला समदं ऐकू येत हुतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. ती आनंदाची बातमी होती, पण ती घ्यायला फार उशीर झाला होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते शालीनं पुसले.

मग तो नारळावरून हात फिरवत म्हणाला, "त्याच दिशी बोलला असतास, तर मी तुला दोन शिव्या हासडल्या असत्या. दीड म्हैना हात गळ्यात बांधून बसलो असतो, आन् मग हॅमरवर गेलो असतो. येवढंच हुतं रं ते."

"आता द्या शिव्या, भाऊ," ज्ञानदेव म्हणाला. तो लहान पोरासारखा रडत होता. "वाटेल त्या द्या."

कोंडीरामनं तोंड उघडलं. खरंच द्यायच्या असाव्यात त्याला. मी वाट बघत होते. ज्ञानदेवही मान खाली घालून वाट बघत होता. पण मग त्यानं तोंड मिटलं.

"आता कुटली देऊ?" तो म्हणाला. "येवढी मोठी शिवी मला येत न्हाई."

तो उठला, नारळ काखेत घेतला आणि पिंपळे गुरवच्या दिशेनं निघून गेला. ज्ञानदेव मला हातात धरून घरी आला. त्यानंतर तो माझ्यावर कधी बसला नाही.

मित्रांनो, घंटी नीट ठेवा, वाकडंतिकडं हाकू नका, आणि रस्त्यानं पत्र वाचत चालू नका, हे तुम्हाला शाळेतही सांगतील. माझी विनवणी एवढीच आहे. तुमच्या हातून कुणाला धक्का लागला, कुणी पडलं, तर कपड्यांवरची धूळ झटकायच्या आधी आपली चूक सांगून टाका. त्या वेळी ती दोन शिव्यांत मिटते.